अंक एकोणचाळीस, शेवटचं पान

क्लीव्हलंडला, झिपर बनवणाऱ्या कारखान्याच्या वर
तिसऱ्या मजल्यावर माझं टेबल होतं.
खाली दिवसभर दातांत दात अडकायचे,
वर मी पोरांची पत्रं उघडत बसायचे.

राखी बगळ्याच्या कोणत्या खांद्यावर व्रण आहे?
डाव्या. अंक बारामध्ये उजव्या दिसतो,
पण तिथे तो आरशात बघतोय,
असं मी ठरवलं.
अंक एकवीसमध्ये त्याचा झगा हिरवा का?
खरं कारण : बफेलोच्या छापखान्यात
त्या जानेवारीत निळ्या शाईनं दगा दिला.
छापलेलं कारण : सरोवराच्या तळाशी गेलं
की ते कापड रंग बदलतं.
दोन महिन्यांनी चित्रकारानं तसंच काढलं.
म्हटलं, चला, थाप पचली.

टोलेडोचे मिस्टर आख्टरबर्ग, निवृत्त सिग्नलमन,
महिन्याला दोन पानं पाठवायचे, टाइप केलेली,
सुरुवात ठरलेली : बाईसाहेब, आपण चुकलात.
बगळ्यानं चौदा पूल वाचवले आहेत, तेरा नव्हे.
रात्री उशिरापर्यंत बसून मी सगळे अंक चाळले.
चौदाच होते.
एक पार मागे, धुक्यात, नखाएवढा.
घरी कुणी वाट बघत नसलं
की माणूस असे पूल मोजतो, असं मनात आलं,
आणि घड्याळाकडे बघून मी दिवा मालवला.

मग डुलुथहून एक पत्र आलं. पेन्सिलीनं, वहीच्या पानावर.
व्हर्ना टॉलिव्हर, वय दहा.
बगळ्याच्या आईचं नाव काय?
ती मेली ते माहीत आहे.
नाव कुणीच सांगत नाही.

लेखकाला विचारलं. तो सँडविच खात होता.
“आई ना? ती दुसऱ्या पानावर मरते,” म्हणाला,
“तिला नाव कशाला लागतंय?”

माझी आई कार्पेथियन डोंगरांतून आलेली,
हॉटेलातल्या चादरी धुऊन धुऊन हात उललेले.
इंग्रजी यायचं ते आकड्यांपुरतं.
त्याच मार्चमध्ये गेली.
इस्पितळाच्या कागदांवर तिचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं,
तिन्ही चूक.

मी टाइप केलं : पराश्का.
कुणाला विचारलं नाही.
मुरुमांच्या मलमाच्या जाहिरातीशेजारी
ते छापून आलं.

पुढे कंपनी बुडाली, झिपरवालेही गेले.
बगळा या मालकाकडून त्या मालकाकडे विकला गेला.
मी एका दंतवैद्याचे हिशेब लिहू लागले.
तिथेही दातच.

परवा, एकेचाळीस वर्षांनी, भाचीचा मुलगा ग्रेडी
मला कोलंबसच्या एका हॉटेलात घेऊन गेला.
गालिचाभर पंख, मुखवटे, प्लास्टिकच्या चोची,
आणि कोपऱ्यात बगळ्याची प्रश्नमंजुषा.
गंमत म्हणून नाव दिलं.
व्रण, झगा, पूल, सगळं तोंडपाठ;
शेवटी उरलो दोघं,
मी आणि दातांना तारा लावलेला एक पोरगा.

“बगळ्याच्या आईचं नाव?”
घंटा मी आधी वाजवली.
म्हटलं ते नाव, आई म्हणायची तसं,
र जिभेवर जरा घोळवून.
परीक्षकानं कार्ड उलटून पाहिलं.
“माफ करा, मॅम. जवळ होतात.”
पोरगा म्हणाला, “परास्का.”
टाळ्या.
कुठल्या तरी पुनर्मुद्रणात एक अक्षर घसरलं असणार.
ही झाली चौथी तऱ्हा.

ओठांवर आलं होतं : अरे, ते नाव मी...
पण पोरगा चषक काखेत मारून माझ्याकडेच आला,
हरलेल्या म्हातारीची समजूत काढायला.
“तुम्ही जुनेच अंक वाचलेत ना? म्हणून.
नव्यात ती परत येते.
मेलीच नव्हती ती. ते दुसरं पान खोटं होतं.”

“कोणत्या अंकात?” मी विचारलं.

कागद सापडेना, चष्मा सापडेना.
शेवटी त्यानंच माझा हात धरला
आणि तळव्यावर मोठ्या अक्षरांत आकडा लिहून दिला.